या वयात कसलं बीपी?

पुण्यातल्या एका पेठेत गणेशोत्सवातला रविवार. मंडळानं रक्तदान शिबिरासाठी शाळेचा हॉल घेतला होता. दाराशी नोंदणीचं टेबल, मग वजनकाटा, बोटाला टोचून हिमोग्लोबिन, आणि त्यापुढे रक्तपेढीच्या तरुण डॉक्टरबाई बीपीचं यंत्र घेऊन बसलेल्या. मंडळाचा टी-शर्ट घातलेला, चोविशी-पंचविशीतला एक कार्यकर्ता खुर्चीत टेकला. रात्रभर देखाव्याचं काम, सकाळी आरती, तशीच धावपळ करत तो आला होता. आकडा आला १५६ आणि १०२. बाईंनी त्याला थोडा वेळ बसवून पुन्हा मोजलं. फारसा फरक पडला नाही.

रक्तदात्याचं वरचं बीपी १०० ते १४० आणि खालचं ६० ते ९० यांच्या दरम्यान असावं लागतं. "आज नाही देता येणार. पण आठ दिवसांत डॉक्टरकडे जाऊन पुन्हा मोजून घ्या, विसरू नका," बाईंनी सांगितलं. मागे रांग खोळंबलेली. मित्रांनी त्याला 'आजोबा' म्हणून चिडवलं. मंडळाचे जुने पदाधिकारी म्हणाले, "या वयात कसलं बीपी? जागरण झालंय पोराला. सरबत पी आणि पड जरा." त्याचा फॉर्म नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात गेला.

त्या गठ्ठ्याचं पुढे काय होतं, हे मी शिबिराच्या लोकांना विचारलं. काहीच होत नाही. रक्त घ्यायचं की नाही, एवढं ठरवण्यापुरता तो आकडा लागतो. यात त्या बाईंची चूक नाही आणि रक्तपेढीचीही नाही. पण एका तरुण शरीरानं दिलेली खूण कुणीतरी पाहिली, कागदावर लिहिली आणि कागद बाजूला ठेवला, हे मला त्या दिवशी फार लागलं.

संपादकांनी यंदा अंकाचा विषय दिला तो 'तिशीच्या अलीकडे'. नोकरी, लग्न, स्थलांतर, मोबाइल यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी या गठ्ठ्याच्या मागे जायचं ठरवलं.

योगायोगानं सापडलेला आकडा

तरुणपणी रक्तदाब वाढलेली माणसं भेटत गेली तेव्हा मी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारला : तुम्हाला कळलं कसं? 'त्रास व्हायला लागला म्हणून तपासलं' असं सांगणारे फार थोडे निघाले. हिंजवडीत काम करणाऱ्या एका मुलाला कंपनीच्या नोकरीपूर्व तपासणीत कळलं. एकाला अक्कलदाढ काढायला गेला तेव्हा. दातांच्या डॉक्टरांनी यंत्र गुंडाळलं आणि दाढ काढायचं पुढे ढकललं. एक मुलगी जर्मनीला शिकायला निघालेली, तिच्या वैद्यकीय दाखल्याच्या वेळी उघड झालं. भरतीसाठी वर्षभर पहाटे धावणाऱ्या एका मुलानं मैदान मारलं आणि तो वैद्यकीय तपासणीत अडकला. तरुण स्त्रियांपैकी अनेकींना पहिल्या बाळंतपणाच्या नोंदणीच्या वेळी समजलं, कारण त्याआधी त्यांच्या दंडाला तो पट्टा कुणी कधी बांधलाच नव्हता.

सरकारी पातळीवर असंसर्गजन्य आजार हुडकण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तो तिशीपासून सुरू होतो. आशाताई घरोघर जाऊन जो तक्ता भरतात, तो तीस वर्षं पूर्ण झालेल्यांचा. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, अशी त्यात विचारणा असते. घरात आई, वडील, आजी आणि बावीस वर्षांचा मुलगा असेल तर तिघांचे तक्ते भरले जातात आणि मुलगा तिथेच चहा आणून देत असतो. मनुष्यबळ तोकडं, तेव्हा जिथे रुग्ण जास्त सापडतील तिथून सुरुवात करायची, हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे अठरा ते तीस या वयाला शोधणारं कुणी उरत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं की मूल तीन वर्षांचं झालं की वर्षातून एकदा त्याचं बीपी मोजावं. आपल्याकडे वजनाचा काटा बालवाडीपासून भेटतो, बीपीचं यंत्र मात्र पहिली नोकरी किंवा पहिलं बाळंतपण येईपर्यंत भेटत नाही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांचं बीपी मोजलं होतं. देशभरात बायकांमध्ये २१ टक्के आणि पुरुषांमध्ये २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांची त्यासाठीची गोळी चालू होती. यात वयस्कांचा वाटा मोठा, हे खरं. पण आजार साठीला उगवत नाही, तो आधीपासून मुरत असतो. अमेरिकेतल्या चार शहरांत १९८५-८६ मध्ये अठरा ते तीस वयाच्या मुलामुलींचा एक अभ्यास सुरू झाला आणि तीच माणसं पुढे कित्येक दशकं तपासली गेली. २०१८ मध्ये त्यातले निष्कर्ष छापून आले. चाळिशीच्या आत ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघात होण्याचं प्रमाण इतरांहून स्पष्टपणे जास्त निघालं. ज्या वर्षांत काही दुखत नाही, त्याच वर्षांत हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो, मूत्रपिंडाच्या बारीक चाळण्या झिजतात, डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आकसतात.

पाच मिनिटं गप्प बसणं

सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी सकाळची ओपीडी बघत बसलो. सातारा मुद्दाम निवडला. २०१७ च्या अखेरीस देशात पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले जे मोजके जिल्हे पहिल्यांदा घेतले त्यांत सातारा होता. उपक्रमाची मांडणी साधी आहे. औषधांचा क्रम ठरलेला, गोळ्या केंद्रातच मिळणार, रुग्णाची नोंद सिस्टरांच्या हातातल्या मोबाइलवर, आणि कोण आलं नाही याची यादी रोज समोर. पुढे तो देशभर पसरला आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका पुरस्कारानं गौरवला गेला.

मला तिथे आवडलं ते मोजणं. सिस्टर सांगत होत्या ते सगळं त्या करूनही घेत होत्या. आल्या आल्या कुणाच्या दंडाला पट्टा नाही. आधी लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून बसा, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नको. बाही वर करायची, शर्टावरून नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी झाली असेल तर अजून थांबा. मग दोन वेळा मोजायचं, मधे थोडं अंतर ठेवून. एक मुलगा मोबाइलवर रील बघत बसला होता. सिस्टरांनी फोन मागून घेतला आणि टेबलाच्या पलीकडे ठेवला. बोलत बोलत मोजलं तरी आकडा वर जातो. मग फोनवर भांडत असलेल्या माणसाचं काय होत असेल!

तरुणांच्या बाबतीत या शिस्तीला फार महत्त्व आहे, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. काहींचं बीपी फक्त डॉक्टरसमोर वाढतं, घरी नॉर्मल असतं. त्यांना उगाच गोळी लागू शकते. उलट काहींचं दवाखान्यात छान येतं आणि कामाच्या ठिकाणी, रात्रपाळीत चढलेलं असतं. ते निसटतात. म्हणून एका आकड्यावर शिक्का मारायचा नाही, वेगवेगळ्या दिवशी मोजायचं. जमलं तर घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं. दवाखान्यात १४० आणि ९० ही रेघ धरतात, घरच्या मोजणीत ती १३५ आणि ८५ ला येते. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये रेघ १३० आणि ८० वर आणली. आपल्या सरकारी केंद्रांत अजून १४०-९० चालते. अगदी शंका असेल तिथे चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं यंत्र मिळतं, ते झोपेतलंही बीपी टिपतं. मोठ्या शहरांत ते भाड्यानंही देतात.

आणखी एक गोष्ट : जिमला जाणाऱ्या मुलांचे दंड. नेहमीचा पट्टा साधारण ३२ सेंटिमीटर घेरापर्यंतच्या दंडासाठी असतो. त्याहून जाड दंडाला तोच ताणून बांधला तर आकडा खोटा जास्त येतो. त्या केंद्रात मोठा पट्टा होता. पुण्यातल्या ज्या खासगी दवाखान्यांत मी डोकावलो, तिथे बहुतेक ठिकाणी तो नव्हता.

कारण विचारायचं

पन्नाशीतल्या माणसाचं बीपी वाढलेलं सापडलं तर बहुधा एक असं कारण नसतं. आनुवंशिकता, वजन, मीठ, वय असं सगळं मिळून ते वाढतं. तरुणांतही बऱ्याच जणांचं असंच असतं. पण तिशीच्या आत, आणि विशेषतः आकडा फार मोठा असेल, घरात कुणालाच बीपी नसेल, माणूस सडपातळ असेल, तर मागे दुसरा आजार दडलेला असण्याची शक्यता वयस्कांपेक्षा बरीच जास्त असते. तो शोधलाच पाहिजे, कारण काही वेळा तो बरा होतो आणि बीपीही उतरतं. माझी सगळ्यांत मोठी तक्रार इथे आहे. तरुण रुग्णाला 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवणं जितकं वाईट, तितकंच 'ही गोळी घ्या, चालू ठेवा' म्हणून कारण न विचारता परत पाठवणं वाईट.

मूत्रपिंडाचा आजार हे त्यातलं सगळ्यांत नेहमीचं कारण. बार्शीकडचा एक मुलगा भेटला, वय सव्वीस. दोन वर्षं तो बीपीची गोळी घेत होता. सकाळी घोट्याला सूज असायची आणि लघवीला फेस यायचा, पण हे सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. लघवीची तपासणी झाली तेव्हा त्यात प्रथिनं जात असल्याचं दिसलं. पुढे मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला आणि निदान झालं. लघवीची साधी तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन या दोन्ही गोष्टी तालुक्याच्या गावी होतात, त्यांना थोडे पैसे पडतात. तरुण रुग्णाची पहिली गोळी लिहितानाच त्या झाल्या पाहिजेत.

दुसरं कारण शोधायला तर पैसेही लागत नाहीत, बोटं लागतात. हृदयातून निघणारी महाधमनी काहींच्या बाबतीत जन्मतःच छातीत एका जागी चिमटलेली असते. बागेतल्या पाइपवर पाय दिला की पायाच्या अलीकडे पाणी तुंबतं आणि पलीकडे नुसतं ठिबकतं, तसं रक्ताचं होतं : डोकं आणि हातांकडे दाब जास्त, पायांकडे कमी. जांघेतली नाडी क्षीण लागते, मनगटातल्या नाडीपेक्षा उशिरा लागते. पायाचं बीपी मोजलं तर हातापेक्षा कमी भरतं, एरवी ते थोडं जास्तच असतं. मोठ्या वयातही ही चिमट फुगा आणि स्टेंट घालून सोडवता येते. मुंबईतल्या एका ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं, त्यांच्याकडे अशी मुलं येतात तेव्हा त्यांच्या फायलीत इको, ईसीजी, तीन-चार गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं असतं. जांघेतली नाडी तपासल्याची एक ओळ नसते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक आजार लक्षात ठेवायला हवा. १९०८ मध्ये मिकितो ताकायासु या जपानी नेत्रतज्ज्ञानं एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांची विचित्र गुंतागुंत नोंदवली. पुढे कळलं की हा मोठ्या धमन्यांचा दाह आहे. त्यात धमन्यांच्या भिंती सुजतात आणि आत अरुंद होत जातात. तो जास्त करून तरुण बायकांना होतो आणि आशिया खंडात अधिक दिसतो. मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झाली की बीपी भडकतं. सांगलीजवळच्या एका कॉलेजकन्येच्या डाव्या मनगटात नाडीच लागत नव्हती. डावा हात पटकन दुखतो, केस विंचरताना थकतो, असं ती वर्षभर म्हणत होती; घरचे म्हणत होते अभ्यासाचा कंटाळा. डाव्या हाताला बीपी मोजलं तर अगदी कमी यायचं आणि सगळे निर्धास्त व्हायचे. एका डॉक्टरांनी उजव्या हाताला मोजलं, ते १७० च्या पुढे निघालं. तरुण माणसाचं पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बीपी घ्यावं, ही सूचना एवढ्यासाठी आहे.

मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींमधून एक संप्रेरक जास्त पाझरलं तर शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडतं. मग बीपी वाढतं, पाय जड होतात, पेटके येतात. घोरणारी, झोपेत श्वास अडकणारी आणि दिवसा पेंगणारी तरुण मंडळी तर घरोघर आहेत. त्यांच्या बायकांना हे डॉक्टरांच्या आधी माहीत असतं, फक्त ते सांगायचं असतं हे माहीत नसतं.

आणि मग आपण स्वतः तोंडात टाकतो त्या गोष्टी. सर्दीच्या गोळ्यांतलं नाक मोकळं करणारं औषध, पाठदुखीसाठी रोज घेतलेली वेदनाशामकं, स्टेरॉइडं, जिममधल्या डब्यातली पावडर, एकामागून एक एनर्जी ड्रिंक. ज्येष्ठमधही. गाणाऱ्या मुलामुलींच्या खिशात त्याची काडी असतेच. आवाजासाठी अधूनमधून चघळणं वेगळं, पण रोज भरपूर प्रमाणात घेतलं तर ज्येष्ठमध बीपी वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं. घरगुती आहे म्हणून डॉक्टरांना कुणी सांगत नाही.

भाकरीबरोबरचं मीठ

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. आपण सरासरी त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. स्वयंपाकघरात हे सांगायला गेलं की आई म्हणते, "आमच्या भाजीत मीठ बेतानंच असतं," आणि ते खरंही असतं. पण ताटाच्या डावीकडे बघा : लोणचं, पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. कोकणात असाल तर सुका बोंबील, खारा बांगडा. खोलीवर राहणाऱ्या मुलांचं तर ताटच वेगळं. सकाळी वडापाव, दुपारी मेसचा डबा, संध्याकाळी फरसाण, रात्री नूडल्सचं पाकीट आणि त्यातला मसाला. सैंधव घेतलं म्हणजे सुटलो असं अनेकांना वाटतं. तेही बहुतांशी तेच मीठ, शिवाय त्यात आयोडीन नसतं.

चीनमधल्या ६०० खेड्यांत काही वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना असं मीठ ज्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं. २०२१ मध्ये निकाल छापला गेला : कमी सोडियमच्या मिठानं पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. असं मीठ आपल्याकडे दुकानात मिळतं. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि काही विशिष्ट बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं.

व्यायामाबद्दल मुलांच्या मनात भीती असते की बीपी आहे तर जिम बंद. बंद नाही. भराभर चालणं, धावणं, सायकल, पोहणं यांनी बीपी खाली येतं. श्वास कोंडून जड वजन उचलताना ते त्या क्षणापुरतं भयंकर चढतं, म्हणून नियंत्रणात येईपर्यंत तेवढं टाळायचं. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की बीपीही साधारण एका अंकानं उतरतं. आठ-दहा किलो उतरवलेल्या मुलांच्या गोळ्या कमी झालेल्या मी पाहिल्या, काहींच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंदही झाल्या.

पर्समधली गोळी

नाशिकची एक मुलगी. वय अठ्ठावीस, बँकेत नोकरी. तिची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. पर्सच्या आतल्या कप्प्यात, कानातल्यांच्या डबीत ती पाकिटातून काढून ठेवते, कारण पाकिटावर नाव असतं. घरात आईला ठाऊक आहे, बाबांना आहे, बाकी कुणाला नाही. "स्थळं बघतायत ना," ती म्हणाली. आईनं तिला बजावून ठेवलं आहे, पत्रिका द्यायची, पगार सांगायचा, गोळीचं बोलायचं नाही.

ही लपवाछपवी मी मुलांच्या घरीही पाहिली, पण मुलींच्या घरी ती जास्त खोल आहे. मला त्या आईला दोष द्यावासा वाटत नाही. 'मुलीला आत्ताच बीपी, पुढे काय' हे वाक्य तिनं नात्यात ऐकलेलं आहे आणि जमत आलेलं लग्न त्यावरून फिसकटलेलंही पाहिलं आहे. पण या लपवण्यात जीव जाऊ शकतो.

बीपीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही नावं येतात. गोळ्या उत्तम आहेत. मात्र गरोदरपणात त्या घ्यायच्या नसतात. पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना त्या इजा करतात. दिवस राहण्याच्या आधीच त्या बदलून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपासारखी औषधं सुरू करायची असतात. आता ज्या मुलीनं सासरी गोळीचं सांगितलेलंच नाही, ती नवऱ्याला घेऊन डॉक्टरकडे कधी जाणार? एक तर ती तीच गोळी चोरून घेत राहते, नाहीतर घाबरून एकदम सोडून देते. दोन्ही वाईट. नाशिकच्या त्या मुलीला यातलं काही सांगितलं गेलेलं नव्हतं. तिची गोळी टेल्मिसार्टन होती. लग्नाच्या वयाच्या मुलीला ही गोळी लिहून देताना 'मूल हवं असेल त्याच्या आधी मला येऊन भेट' एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचंही तसंच. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं. बीपी वाढलेलं असेल तर ती बहुधा देत नाहीत. आठवड्याची 'छाया' गोळी संप्रेरकांची नाही, तांबीही चालते. पण हे ठरवण्याआधी बीपी मोजायला हवं. औषधाच्या दुकानातून स्वतःच पाकीट आणणाऱ्या मुलींचं ते कोण मोजणार?

गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढणं आणि लघवीतून प्रथिनं जाणं हा वेगळा, पण याच घरातला आजार. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चांदण्या, छातीखाली दुखणं, चेहऱ्यावर सूज अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बाळंतपणानंतर बहुतेकींचं बीपी खाली येतं, गोळी बंद होते, बाई बाळात गुंतते आणि सगळे विसरतात. वास्तविक ज्यांना हा त्रास झाला, त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. त्यांनी दरवर्षी बीपी मोजून घ्यावं. बाळाच्या लसीकरणाला आई येतेच; त्याच दिवशी तिच्या दंडालाही पट्टा बांधला तर जास्तीची फेरीही पडणार नाही. सातारच्या त्या केंद्रातल्या सिस्टर आपल्या आपण असं करतात, कुणाच्या आदेशाची वाट न बघता.

मुलांच्या मनातली भीती वेगळी आणि ती विचारायला ते फार वेळ घेतात. गोळीनं पुरुषपणावर परिणाम होतो का? काही जुन्या प्रकारच्या औषधांनी तसा त्रास काहींना होतो, पहिल्या पसंतीच्या आजच्या बऱ्याच गोळ्यांनी सहसा होत नाही, आणि झालाच तर औषध बदलता येतं. खुद्द अनियंत्रित बीपीच रक्तवाहिन्या खराब करून तो त्रास निर्माण करतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मग मित्र सांगतात आणि गोळी कचऱ्यात जाते.

यादीतली नावं

'गोळी एकदा सुरू झाली की जन्माची लागते' हे मी इतक्या जणांकडून ऐकलं की त्याचं उत्तर डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं. सवय लागते म्हणून गोळी चालू राहत नाही, आजार चालू असतो म्हणून राहते. बीपी थोडंच वाढलेलं आणि बाकी काही बिघाड नसेल तर तरुणांना आधी तीन-सहा महिने मीठ, वजन, झोप, तंबाखू-दारू यांवर काम करायला देतात. आकडा मोठा असेल किंवा हृदय-मूत्रपिंडावर परिणाम दिसत असेल तर थांबत नाहीत. आणि गोळी घेऊन बीपी १२० वर आलं म्हणजे बरं झालं असं नाही. गोळीनं काम केलं, एवढंच.

विम्याची गोष्टही सांगायला हवी. तरुणांना वाटतं फॉर्मवर लिहिलं तर विमा मिळणार नाही. मिळतो, हप्ता वाढू शकतो, आणि आधीपासूनच्या आजारासाठी काही काळ थांबावं लागतं. विमा नियामकांनी २०२४ मध्ये ही मुदत जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. लपवलं तर मात्र ऐन वेळी दावा फेटाळला जाऊ शकतो.

सातारच्या केंद्रात दुपारी सिस्टर मोबाइलवरची यादी उघडतात. महिन्याची गोळी न्यायला जे आले नाहीत, त्यांना फोन. म्हाताऱ्यांचे फोन चटकन उरकतात. पाय दुखत होते, एसटी चुकली, उद्या येतो. तरुणांच्या नावांशी त्या थांबतात, कारण ती मुलं गावात नसतात. जावळी-पाटणच्या डोंगरातली कितीतरी मुलं पिढ्यानपिढ्या मुंबई-नवी मुंबईला माथाडी कामाला आहेत, आता कुणी गोदामात, कुणी गाडीवर. यात्रेला किंवा लग्नाला गावी येतात तेव्हा बीपी सापडतं, गोळी सुरू होते, आणि चार दिवसांत मुलगा परत कामावर.

त्या दुपारी एकोणतीस वर्षांचा एक जण फोनवर होता. वाशीच्या मार्केटमध्ये गोण्या उचलतो. गोळ्या संपून पंधरवडा झाला होता.

"सुट्टी नाही सिस्टर, गावी यायला जमत नाही."

"गावी येऊ नकोस. कार्ड आहे का तुझ्याकडे? त्याचा फोटो काढून मला पाठव आधी. तिथल्या महापालिकेच्या दवाखान्यात तेच कार्ड दाखव, गोळीचं नाव त्यावर आहे. किती वाजता सुटतोस?"

तो पहाटे कामाला लागतो, दुपारी मोकळा होतो. सिस्टरांनी त्याच्याकडून तो राहतो त्या भागाचं नाव घेतलं, पलीकडच्या टेबलावरच्या आरोग्य सेवकाला तिथला दवाखाना आणि त्याची वेळ शोधायला लावली, आणि फोन तसाच चालू ठेवून त्याला पत्ता सांगितला. मग विचारलं, "डोकं दुखतं का? पाय सुजतात? लघवी तपासली होती का रे तुझी, मागच्या वेळी?" तपासली नव्हती. सिस्टरांनी त्याच्या नावापुढे ते टिपलं आणि त्याला सांगितलं की दवाखान्यात गेलास की गोळीच्या आधी हे माग.